वैजूचा उजवा हात

"हात सैल सोड," मी वैजूला म्हणाले. "काच आहे, बेडी नाही."

तिनं सोडला. मी साबणाचं पाणी फिरवलं, तिची चार बोटं एकत्र गोळा केली, अंगठ्याखालचं हाड आत दाबलं आणि बारावी बांगडी मनगटावर बसवली. डावा हात झाला. हिरव्या बांगड्या, मध्ये एक सोनेरी ठिपक्याची, जशा सासरी जाणाऱ्या लेकीला भरतात तशा.

रविवार होता. तीन वाजून गेले होते. आमचं बांगड्यांचं दुकान बार्शीत, आणि रविवारी दुपारनंतर आम्ही ते बंद ठेवतो. सगळ्या फळ्या लावल्या होत्या, एकच उघडी होती, उजेडापुरती. गादीवर मी, समोर माझी थोरली वैजू आणि भिंतीजवळ स्टुलावर जावईबापू, निरंजनराव. बी.एस्सी. ॲग्री. लातूरला बियाण्यांच्या कंपनीत होते. तीन महिन्यांनी बायकोला न्यायला आले होते, सोबत वडिलांना घेऊन. ते वडील, म्हणजे आमचे व्याही अप्पा, भगवंताच्या देवळात गेले होते. जाताना मला बजावून गेले.

"विहीणबाई, साडेचारला राहुकाळ लागतो. त्याच्या आत जीप निघाली पाहिजे."

"निघेल," मी म्हटलं. "माझ्या हाताला किती वेळ लागतो ते तुम्ही लग्नात पाहिलंय."

माझी शाळा चौथीपर्यंत. पण हात कुणाचाही द्या, दाबून सांगते की बाई भांडून आलीय की उपाशी आलीय. डोळे मिटून तिच्या हातातल्या बांगड्या मोजते. आणि आमच्यात एक शिस्त आहे. एक हात भरून दुसरा रिकामा ठेवून कासारीण उठत नाही. माझ्या मालकांना दवाखान्यात नेलं तेव्हा माझ्यापुढं शेंडग्यांची नवरी बसली होती. उजव्या हातातल्या चार राहिल्या होत्या. त्या चार चढवल्या, हळदकुंकू लावलं, मग उठले. तोवर मालक गेले होते. लोकांनी नावं ठेवली. ठेवोत. ती नवरी आज तीन लेकरांची आई आहे.

वैजूला जायचं नव्हतं. सकाळी पोळ्या लाटताना तिनं एकदाच सांगितलं.

"आई, मला नको पाठवू. ते फोन सोडत नाहीत. कसला तरी जुगार आहे त्यात, चाकं फिरतात, पत्ते पडतात. पाटल्या त्यातच गेल्या."

"पाटल्या परत करता येतात. नवरा परत करता येत नाही."

"मागे दूध उतू जाऊन माझ्या पायावर सांडलं. मी हाका मारतेय आणि हे मान वर न करता म्हणतात, थांब गं, एवढा एक."

"तुझे वडीलही पत्ते खेळायचे. श्रावणात सगळी पेठ खेळते."

"बाबा जेवायला उठून यायचे," वैजू म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

तीन महिने मी बोलतच होते, पण दुसऱ्यांशी. गिऱ्हाईक म्हणून येणारी प्रत्येक बाई बांगड्या बघता बघता विचारायची, "वैजू अजून हाय का इथंच?" विचारणारीला मी मुद्दाम एक माप लहान चढवायची. ती कळवळली की विचारणं थांबायचं. पण असं किती दिवस चालवणार? आणि हा जावई मी निवडलेला. साखरपुड्यात त्याचा हात हातात घेऊन मीच चार माणसांत म्हणाले होते, हा हात पोरीला सांभाळील.

तर डावा हात झाला. मी वैजूचा उजवा हात उशीवर घेतला, साबण लावला, पहिली बांगडी बोटांवरून सरकवली. ती हाडापर्यंत आली असेल, तेवढ्यात निरंजनरावांच्या खिशात काहीतरी वाजलं. घुंगरू ओतल्यासारखं. वैजूचा हात माझ्या हातात एकदम लाकूड झाला. बांगडी कडकन गेली आणि तिच्या अंगठ्यापाशी रक्ताचा ठिपका आला.

"वाढली," मी म्हटलं. आमच्यात फुटली म्हणत नाहीत. "काय झालं गं?"

"तोच आवाज," वैजू म्हणाली.

निरंजनरावांनी फोन काढला, बघितला, परत खिशात घातला. पण बघताना त्यांचा अंगठा आपोआप हलला, जसा झोपेत कुत्र्याचा पाय हलतो.

"काही नाही मामी, मेसेज होता."

"कुणाचा?"

"असाच. कंपनीचा."

"बियाण्यांच्या कंपनीला घुंगरं कधीपासून लागली?"

ते हसले. वैजू हसली नाही. तिचा हात अजून सैल होत नव्हता, आणि असल्या हातात मी बांगडी घालू शकत नाही, कुणीच घालू शकत नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन व्हायला आले होते. माझं डोकं फिरलं. पोरीवर फिरलं, खरं सांगायचं तर. एवढ्याशा आवाजाला घाबरते.

"आणा तो फोन इकडे," मी म्हटलं. "बघू तरी, माझी लेक कशाला भिते."

"कशाला मामी, उगीच."

"आणा म्हटलं ना."

ते स्टूल ओढून जवळ आले. आधी त्यांनी चाकं दाखवली. तीन चाकं, त्यावर केळी, कलिंगडं, घंटा आणि साताचा आकडा. खाली एक बटण. दाबलं की चाकं गरागरा फिरायची, आणि तीन सारखी आली की नाणी पडल्याचा आवाज.

"ही खोटी नाणी आहेत. नुसतं करून बघायला देतात," ते म्हणाले. "दाबा."

मी दाबलं. दोन कलिंगडं आली आणि तिसरं येता येता वर सरकलं. परत दाबलं. घंटा, केळं, सात. जत्रेत पोरांना फसवतात त्यातलाच प्रकार.

"याला तुम्ही माझ्या लेकीच्या पाटल्या घातल्या?"

"पाटल्या पॉलिशला दिल्यात, मामी."

"तीन महिने? सोनार काय चाटून पॉलिश करतो?"

त्यांचे कान लाल झाले. "ते चाकांचं सोडा. ते पोरासोरांचं. खरा खेळ टेबलावरचा, त्याला डोकं लागतं."

"डोकं लागत असतं तर तुम्ही जिंकला असता."

"आई, ठेव ते," वैजू म्हणाली. "हात भर, मी जाते. पण ते ठेव."

तिथंच मी ठेवायला हवं होतं. ती जाते म्हणाली होती. पण कशी म्हणाली? हरल्यासारखी म्हणाली, आणि मला पोरगी हरलेली पाठवायची नव्हती, पटलेली पाठवायची होती. शिवाय जावयासमोर मला ती ठेव म्हणते, म्हणजे मलाही त्याच्याच रांगेत बसवते की काय.

"ऐक वैजू," मी म्हटलं. "मी पाच डाव खेळते. खरे. पाचवा झाला की फोन पालथा. चौथी शिकलेल्या बाईला उठता येतं तर बी.एस्सी.वाल्याला का येणार नाही? मनाचा ढिलेपणा आहे, दुसरं काही नाही. तो कसा काढायचा ते मी यांना शिकवीन."

वैजूनं माझ्याकडे बघितलं.

"तू पाचव्याला उठलीस तर मी जाते," ती म्हणाली. "एक शब्द न बोलता जाते, आणि परत कधी अशी येणार नाही."

"चालेल."

"आणि नाही उठलीस तर?"

"असं कधी झालंय?"

"नाही. म्हणूनच विचारतेय."

"तर तू म्हणशील तसं."

निरंजनरावांनी आमच्या दोघींकडे बघितलं आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांनी पटापट बोटं चालवली. "माझ्या खात्यात बाराशे आहेत, मामी. बिनधास्त खेळा." सकाळपासून पहिल्यांदाच ते मोकळे बोलत होते. मला वाटलं, चला, पोरगा वाईट नाही.

फोनवर एक मुलगी आली. जिवंत मुलगी, चित्र नाही. लाल साडी, मोकळे केस, पुढं हिरवं टेबल. हिंदीत सगळ्यांना नमस्कार म्हणाली. माझी नजर आधी तिच्या मनगटावर गेली. दोन्ही रिकामी.

"हिचे हात कुणी भरले नाहीत?"

"नियम आहे मामी. पान लपवता येऊ नये म्हणून हातात काही घालू देत नाहीत."

खेळ सोपा होता, आमच्याकडे दिवाळीत मुलं खेळतात तोच. मध्ये एक पान उघडं. मग एक पान आत, एक बाहेर, एक आत, एक बाहेर. मधल्या पानाचा जोडीदार ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. आपण आधी बोलायचं, आत की बाहेर. बोलायला पंधरा मोजेपर्यंत वेळ, वर आकडा उलटा पळत असतो.

वैजूचा उजवा हात मी डाव्या मुठीत धरला होता. उजव्या हातात फोन. "शंभर लावा," मी म्हटलं.

पहिला डाव. मध्ये नव्वा. मी म्हटलं आत. तिसऱ्याच पानाला नव्वा आत पडला.

"बघ," मी वैजूला म्हणाले. "एक."

दुसरा डाव. मध्ये राणी. बाहेर म्हटलं. आत पडली.

"दोन."

तिसऱ्यात पंजा होता. परत बाहेर म्हटलं, परत आत. निरंजनराव म्हणाले, "लागोपाठ तीनदा आत पडलं. आता बाहेर येणार, मामी. बाहेरवर लावा. दोनशे लावा."

"तुम्ही गप्प बसा. तीन."

चौथा डाव लांबला. मध्ये सत्ता होता. आत एक्का, बाहेर छक्का, आत दश्शी, बाहेर गुलाम, आत तिर्री. ती मुलगी पान ओढायची, उलटायची, ठेवायची, तिच्या तोंडावर काही म्हणजे काही नाही. माझ्या तळपायाला घाम आला. मी दोनशे लावले होते, बाहेर. तेरा पानं पडली, चौदा पडली. चौदावं बाहेर होतं, अठ्ठा. सत्त्याच्या शेजारचं. सोळाव्याला सत्ता पडला, बाहेर.

"आला," निरंजनराव म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

"चार," मी म्हणाले.

पाचव्याला राजा होता मध्ये. मी बाहेर धरलं. किती पानं पडली देव जाणे. बाहेर राणी पडली, तोंडात येऊन गेल्यासारखी, आणि लगेच पुढचं पान आत, राजा. एका पानानं गेलं.

पुढं मध्ये दुर्री आली. ती आत. मग छक्का, तोही आत, आणि मला दिसायला लागलं. तीनदा आत पडलं की चौथ्यांदा बाहेर जातं, पण मध्ये चित्राचं पान असेल तर नाही. हे निरंजनरावांना कळलं नव्हतं. बी.एस्सी. असून कळलं नव्हतं. मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "खरंच की हो, मामी," आणि त्यांनी तीनशे लावले. बाहेर. बाहेरच पडलं. ते स्टुलावरून उतरून गादीच्या कडेला येऊन बसले. त्यांचं डोकं माझ्या खांद्याला लागत होतं. फोन गरम झाला होता. ती मुलगी पाणी प्यायला गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, तिचीही मनगटं रिकामी. मला वाटलं ही हळू पानं टाकते, हिच्या हाताला गती नाही, आणि गती नसली की पानं आत पडतात.

"आई."

चौकट आली होती मध्ये. चौकटची दश्शी.

"आई, माझा हात."

"थांब गं," मी म्हणाले. "एवढा एक."

पानं पडत होती. आत चौकी, बाहेर एक्का, आत राणी. दश्शी बाहेर पडली आणि नाण्यांचा आवाज झाला.

"चोवीसशे झाले, मामी," निरंजनराव म्हणाले. "आता पाचशे लावा. आता सोडायचं नाही."

फळीशी सावली आली. अप्पा देवळातून आले होते, कपाळावर बुक्का, हातात नारळाची वाटी.

"अहो विहीणबाई, पाच वाजायला आले. राहुकाळ लागून अर्धा तास झाला. निघायचं ना?"

मी मान वर केली.

वैजू होती तिथंच बसली होती. डावा हात मांडीवर, बारा हिरव्या बांगड्या. उजवा हात उशीवर उताणा. त्याच्यावरचा साबण वाळून पांढरा पापुद्रा झाला होता, बोटांच्या पेरांपाशी त्याला भेगा पडल्या होत्या. रक्ताचा तो ठिपकाही वाळून काळा झाला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या हाताकडे बघत होती.

"मामी, वेळ चाललाय, आकडा पळतोय," निरंजनराव म्हणाले. "आत की बाहेर?"

मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घ्यायला हात लावला, ओढला. तो निघेना. त्यांनी परत ओढला. माझी बोटं उघडत नव्हती. दुसऱ्या हातानं मी ती एकेक करून सोडवली, कुणाच्या हातातून अडकलेली बांगडी काढावी तशी.

"वैजू येत नाही," मी अप्पांना म्हणाले.

"म्हणजे? हात भरलेत की तिचे."

"एकच भरलाय."

"मग दुसरा भरा. तुम्हाला दोन मिनिटांचं काम."

"राहुकाळात मी हात भरत नाही. आणि एका हातावर आमच्यात लेक पाठवत नाहीत."

"अहो, मग राहुकाळ संपल्यावर भरा. नाहीतर आम्ही मुक्काम करतो, उद्या भरा."

"उद्याही नाही. पाटल्या पॉलिश होऊन आल्या की कळवा. मग बघू."

अप्पांनी मुलाकडे बघितलं. मुलगा फोनकडे बघत होता. म्हाताऱ्याला त्या क्षणी काय कळलं ते मला माहीत नाही, पण नारळाची वाटी त्यांनी गादीच्या कडेवर ठेवली, वैजूच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलाला म्हणाले, "चल." दोनदा म्हणावं लागलं.

जीप गेल्यावर मी शेवटची फळी लावली. फडकं ओलं करून वैजूचा उजवा हात पुसला. मग तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या उतरवायला घेतल्या. सवाष्णीच्या हातातल्या नुकत्या भरलेल्या बांगड्या मी जन्मात कधी उतरवल्या नव्हत्या.

ती रडत होती आणि हसतही होती.

"मुद्दाम केलंस ना तू?" ती म्हणाली. "त्यांना दाखवायला. मला ठेवून घ्यायला."

मी मान वर केली नाही. सहावी बांगडी काढत होते.

"आई, सांग ना. तुझ्यासारखी बाई पाचाच्या पुढं जाईल होय? आणि शब्दसुद्धा तेच बोललीस. त्यांचेच."

"मग काय," मी म्हणाले. "मला पाचपर्यंत मोजता येत नाही असं वाटलं काय तुला?"

तिनं माझ्या गळ्यात हात घातले. लग्न झाल्यापासून तिनं असं केलं नव्हतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. सोडचिठ्ठीचे कागद झाले, पाटल्या आल्या नाहीत. दुकान आता वैजू बघते, माझ्यापेक्षा बरं बघते. आमच्या सगळ्या भावकीत ही गोष्ट सांगतात, की म्हातारीनं जावयाला कसं खेळवलं, लेकीला वाचवायला स्वतः जुगारी झाल्याचं कसं नाटक केलं. लग्नात कुणी भेटलं की मला परत सांगायला लावतात. मीही सांगते. रंगवून सांगते.

गेल्या दिवाळीत वैजूनं दुकानात मोठा फोन आणला. हल्ली गिऱ्हाईकं फोनवरच पैसे देतात. म्हणाली, तू गादीवर बसतेस तर हा तुझ्यापाशीच असू दे. मी म्हटलं, तुझ्यापाशी ठेव, मला माझा बटणांचा बरा. ती हसली.

"कशाला भितेस आई? तुझ्यासारखं घट्ट मन कुणाचं आहे?"

मी तिला गिऱ्हाईकाकडे पाठवलं, एक बाई दोन-सहाचं माप मागत होती.

तिला मी हे कधी सांगितलेलं नाही. ते डाव सुरू झाले तेव्हा तिचा उजवा हात माझ्या मुठीत होता. घट्ट धरला होता मी. तो मी कधी सोडला, कितव्या डावाला सोडला, ते मला आजही सांगता येत नाही.